बधिर पावलांवरचा दाब ओळखणे आणि जखम टाळणे: गोव्यातील मधुमेही कुटुंबांसाठी पहिले धडे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात सर्वांत पुढे असल्याचे दिसून आले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्याचे २६.४ टक्के, म्हणजे जवळपास चार प्रौढांमागे एक. साखर तपासण्याची सवय आता वाड्यावाड्यांवर पोचली आहे. पाय मात्र बहुतेक वेळा जखम वाहू लागल्यावरच डॉक्टरांपुढे येतात. मधुमेह असलेल्या दर शंभर माणसांपैकी १९ ते ३४ जणांना आयुष्यात कधी ना कधी पायाचा व्रण होतो असा जागतिक अंदाज आहे, आणि त्यांतले पुष्कळ व्रण वेळीच लक्ष दिले तर टाळता येतात. ज्यांच्या घरात मधुमेहाचे निदान नुकतेच झाले आहे, ज्यांच्यावर आईवडिलांचे पाय पाहण्याची जबाबदारी नव्याने आली आहे, किंवा जे आरोग्य शिबिरांत पहिल्यांदाच मदतीला उभे राहणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तो डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही, परंतु डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन जायचे हे त्यातून कळावे अशी अपेक्षा आहे.

जखम होते कशी

चपलेत खडा गेला की निरोगी माणूस थांबतो, आणि चवडा दुखू लागला की नकळत भार दुसरीकडे सरकवतो. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांच्या मज्जातंतूंना इजा होते आणि ही सूचना मेंदूपर्यंत पोचेनाशी होते. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. पावलातील लहान स्नायू दुबळे होऊन बोटे वाकतात, बोटांच्या मुळाशी असलेली हाडांची टोके तळव्याकडे उतरतात आणि त्यांच्याखालची चरबीची गादी पुढे सरकते. घाम कमी झाल्याने कातडी कोरडी पडून भेगाळते. सांधे आखडतात, टाचेमागची शीर ताठरते, आणि त्यामुळे चालताना चवड्यावर भार लवकर येतो व जास्त वेळ राहतो.

दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. साठ किलो वजनाचा माणूस एका पायावर उभा राहिला आणि तळव्याचा १०० चौरस सेंटीमीटर भाग जमिनीला टेकला, तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सरासरी ०.६ किलो भार येतो. त्याने टाच उचलली आणि चवड्याचा फक्त ३० चौरस सेंटीमीटर भाग टेकलेला राहिला, तर तोच भार चौरस सेंटीमीटरला २ किलो होतो, म्हणजे दाबाच्या एककात सुमारे २०० किलोपास्कल. एखादे हाड खाली उतरलेले असेल तर त्या एका बिंदूवर याहूनही अधिक दाब येतो. असा दाब एकदा आल्याने सहसा काही होत नाही. दिवसभरातल्या हजारो पावलांत तो त्याच जागी पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि वेदना नसल्याने माणूस ती जागा कधीच मोकळी करत नाही.

कातडी स्वतःला वाचवण्यासाठी तिथे जाड होते. त्यालाच आपण घट्टा म्हणतो. मात्र कडक झालेला घट्टा स्वतःच आतल्या नाजूक भागावर दाब वाढवतो. घट्टा नीट पाहिला तर तो कडेला पिवळसर आणि मेणासारखा दिसतो. मध्यभागी तपकिरी किंवा काळपट ठिपका दिसला, तर तो मळ समजून घासू नये. कातडीखाली रक्त साकळल्याची ती खूण असते, आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या घट्ट्याखाली व्रण आधीच तयार झालेला असू शकतो. असा ठिपका दिसल्यावर ‘पुढच्या महिन्यातल्या तपासणीत दाखवू’ असे म्हणू नये, त्याच आठवड्यात दाखवावा.

बधिर पावलांविषयीची ही समज मोठ्या प्रमाणात कुष्ठरोगाच्या उपचारांतून आली आहे. तामिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी, कुष्ठरुग्णांच्या हातापायांची हानी मुख्यतः बधिर भागाला होणाऱ्या आणि लक्षात न येणाऱ्या इजांमुळे होते, हे दाखवून दिले. पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथे हाच विचार मधुमेहींच्या पावलांसाठी वापरला गेला. आज आपल्याकडे मधुमेहींना दिली जाणारी एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) या मऊ रबराची चप्पलही मुळात कुष्ठरुग्णांसाठीच वापरात आली होती.

पहिली पायरी: पायाला कळते का, ते पाहणे

हे घरी पाहण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. इंग्लंडमधील इप्सविच येथे रूढ झालेली एक साधी चाचणी आहे. ज्यांचे पाय पाहायचे त्यांनी मोजे काढून आडवे व्हावे आणि डोळे मिटावेत. तपासणाऱ्याने तर्जनीच्या टोकाने प्रत्येक पायाचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक ते दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा आणि समोरच्याने उजवे की डावे ते सांगावे. बोटाने दाबू नये, टोचू नये, गुदगुल्या करू नयेत, आणि उत्तर चुकले म्हणून त्याच जागी पुन्हा स्पर्श करू नये. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संरक्षक संवेदना, म्हणजे इजेची सूचना देणारी जाणीव, कमी झाली आहे असे धरून डॉक्टरांकडे जावे. वडीलधारी माणसे पुष्कळदा ‘कळलं, कळलं’ असे सवयीने म्हणतात, त्यामुळे मध्येच स्पर्श न करता ‘आता?’ असे विचारून पाहावे.

इस्पितळात हीच गोष्ट १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने पाहिली जाते. नायलॉनची ही तार कातडीवर काटकोनात टेकवून ती वाकेपर्यंत दाबतात, तेव्हा नेमका १० ग्रॅम भार पडतो. शिबिरात ती हाताळणाऱ्या नवख्याने आधी ती रुग्णाच्या हातावर टेकवून स्पर्श कसा वाटतो ते दाखवावे. त्यानंतर अंगठ्याचा तळ, अंगठ्याच्या मुळाशी चवड्याचा भाग आणि करंगळीच्या मुळाशी चवड्याचा भाग या तीन जागा तपासाव्यात. प्रत्येक जागी दोनदा तार टेकवावी आणि एकदा न टेकवताच विचारावे. तीनपैकी दोन उत्तरे चुकली तर त्या जागी संरक्षक संवेदना नाही असे समजतात. घट्ट्यावर किंवा जखमेवर तार टेकवू नये. एकाच दिवशी बऱ्याच जणांवर वापरल्याने तारेचा ताठपणा कमी होतो, म्हणून मोठ्या शिबिरात एकाहून अधिक तारा ठेवाव्यात. याखेरीज कंपनाची जाणीव पाहण्यासाठी १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क किंवा बायोथेसिओमीटर वापरतात. बायोथेसिओमीटरचे वाचन २५ व्होल्टच्या वर गेले तर व्रणाचा धोका जास्त मानतात.

दुसरी पायरी: रक्त पोचते का

पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी लागते. ती नवख्याला पटकन सापडत नाही आणि न सापडणे म्हणजे ती नाहीच असेही नव्हे, म्हणून हे काम डॉक्टर किंवा अनुभवी परिचारिकेकडे सोपवावे. घरच्यांनी एवढेच पाहावे: पाय गार पडतात का, थोडे चालल्यावर पोटरी धरते आणि थांबल्यावर सुटते का, रात्री पाय पलंगाखाली सोडल्यावर बरे वाटते का, बोटांचा रंग निळसर किंवा काळपट होतो का. यांपैकी काही आढळले तर पायातला रक्तप्रवाह पाहणाऱ्या डॉपलर तपासणीबद्दल विचारावे. दाब कितीही कमी केला तरी रक्त पोचत नसेल तर जखम भरत नाही.

तिसरी पायरी: दाब कुठे पडतो, ते शोधणे

याची सर्वांत सोपी साक्ष घरातच असते. निदान काही महिने वापरलेली जुनी चप्पल उजेडात धरून आतला भाग पाहावा. तळपट्टीवर पावलाचा ठसा उमटलेला असतो. टाच आणि चवडा थोडे गर्द दिसणे नेहमीचेच आहे, परंतु दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोटाच्या मुळाशी रुपयाच्या नाण्याएवढा काळा, गुळगुळीत खळगा पडला असेल, तर तिथेच तळव्यावर बोट फिरवून घट्टा आहे का ते चाचपावे. चपलेचा खळगा आणि पायाचा घट्टा समोरासमोर येत असतील, तर जास्त दाबाची जागा सापडली असे समजावे. डॉक्टरांकडे जाताना ही जुनी चप्पल बरोबर न्यावी. लोक तपासणीला जाताना हमखास नवी चप्पल घालून जातात आणि डॉक्टरांना उपयोगी पडणारी साक्ष घरीच राहते.

ओल्या पावलाची छापही घेता येते. खाकी कागद जमिनीवर चिकटवावा, खुर्चीचा आधार घेऊन ओला तळवा त्यावर टेकवावा, आणि छापेची कड लगेच पेन्सिलने आखावी. मार्बल किंवा लादीवर ओल्या पायाने घसरण्याची भीती असते, म्हणून आधाराशिवाय हे करू नये. या छापेवरून तळव्याचा कोणता भाग टेकतो आणि कोणती बोटे टेकतच नाहीत एवढे कळते. दाब किती, हे कळत नाही.

दाबाचा अंदाज देणारे जुने आणि स्वस्त साधन म्हणजे हॅरिस मॅट. या रबरी चटईवर वेगवेगळ्या उंचीच्या रेषा असतात. चटईला शाई लावून तिच्यावर कागद ठेवतात आणि रुग्णाला त्यावरून चालवतात. कमी दाबाच्या जागी फक्त उंच रेषा उमटतात, जास्त दाबाच्या जागी बुटक्या रेषाही उमटतात, त्यामुळे तो भाग गर्द दिसतो. संगणकीय दाबपट्टीत शाईऐवजी संवेदक असतात आणि पडद्यावर निळ्यापासून लालपर्यंत रंगांत पाऊल दिसते. या तपासणीत नेहमीच्या वेगाने चालणे फार महत्त्वाचे असते. रुग्ण पट्टीकडे बघत पाऊल नेमके तिच्यावर टाकण्याचा प्रयत्न करू लागला की चाल बदलते आणि आकडे फसवे येतात, म्हणून नजर समोर ठेवून काही फेऱ्या सरावाच्या घ्याव्यात आणि एकापेक्षा अधिक पावलांची नोंद करून सरासरी काढावी. नुसते उभे राहून घेतलेली नोंद अपुरी असते, कारण घातक दाब बहुधा टाच उचलून पाऊल पुढे टाकतानाच येतो.

अहवालातील लाल डाग पाहून घाबरू नये आणि तो नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये. अनवाणी पायाचा दाब अमुक आकड्याच्या वर गेला की व्रण होणारच, अशी एक पक्की रेघ नाही. संवेदना शाबूत असलेल्या माणसाला जो दाब चालून जातो, तोच बधिर आणि आधी व्रण झालेल्या पावलाला जड जातो. बुटाच्या आत पातळ संवेदक घालून घेतलेले मोजमाप मात्र पादत्राण नीट बेतण्यासाठी खरोखर उपयोगी पडते. तळव्याचा व्रण भरून आलेल्या व्यक्तीच्या बाबतीत, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, जास्त दाबाच्या जागी बुटातला दाब २०० किलोपास्कलच्या खाली आणावा किंवा आधीपेक्षा किमान ३० टक्क्यांनी कमी करावा. माझे स्पष्ट मत असे आहे की ज्यांना महागडी दाबतपासणी परवडत नाही त्यांनी मागे राहिल्याची खंत बाळगू नये. स्पर्शाची चाचणी, जुनी चप्पल आणि रोजची पाहणी यांतून बहुतेक धोकादायक जागा सापडतात.

किती वेळा तपासावे

मधुमेही पावलावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने धोक्याच्या पायऱ्या आखल्या आहेत. संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा पाय तपासून घ्यावेत. दोन्हींपैकी एक कमी असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही कमी असतील, किंवा एकाच्या जोडीला पावलाचा आकार बिघडलेला असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी. आधी व्रण किंवा अवयवच्छेद झालेला असेल, किंवा मूत्रपिंडे निकामी होण्याच्या टोकाला पोचली असतील, आणि त्या जोडीला संवेदना वा रक्तपुरवठा कमी असेल, तर एक ते तीन महिन्यांनी. गोव्यात सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करावी; पुढील तपासण्यांसाठी म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा इस्पितळे आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) आहे.

रोजची पाहणी

वेळ ठरवून घ्यावी; संध्याकाळचे दिवे लागल्यावर, पाय धुतल्यानंतर पाहणे सोयीचे पडते. कोमट पाण्याने पाय धुवावेत, पण पाणी कोमट आहे हे कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाताने पाहावे, पायाने पाहू नये. कढत पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसण्याची पद्धत बधिर पायांसाठी धोक्याची आहे आणि ती सोडावीच. बोटांच्या बेचक्या मऊ फडक्याने टिपून कोरड्या कराव्यात. खोबरेल तेल किंवा क्रीम तळव्याला व टाचेला लावावे, बेचक्यांत लावू नये. मग तळवा, टाचेची कड, बोटांची टोके आणि प्रत्येक बेचकी पाहावी. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून पाहावे, आणि नजर अधू असेल तर हे काम सुनेने, मुलाने किंवा नातवाने करावे. पाय दुसऱ्याच्या हाती देण्याचा संकोच वृद्धांना वाटतो, तो घरच्यांनी समजून घेऊन दूर करावा.

दोन्ही पायांवर हाताचा पालथा पंजा ठेवून एखादी जागा दुसऱ्या पायावरच्या तशाच जागेपेक्षा गरम लागते का ते पाहावे. जास्त धोका असलेल्यांसाठी कातडीचे तापमान मोजणारे इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतात. लागोपाठ दोन दिवस दोन पायांच्या त्याच जागांत २.२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त फरक आला तर चालणे कमी करून डॉक्टरांना दाखवावे, कारण कातडी फाटण्याआधी आत दाह सुरू झालेला असतो.

घट्टे आणि कुरुपे घरी ब्लेडने कापू नयेत, आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कॉर्न कॅपही लावू नयेत. त्यांतील आम्लाने आजूबाजूची चांगली कातडी जळते. प्रशिक्षित व्यक्तीकडून घट्टा नियमित तासून घेतला तर त्या जागेचा दाब लक्षणीय उतरतो. हा एवढा सोपा आणि गुणकारी उपाय लोक टाळतात याचे वाईट वाटते. नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे आत खोदू नयेत.

पादत्राण कसे निवडावे

पाय संध्याकाळी थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी आणि मापे उभे राहून घ्यावीत. आतली लांबी पावलापेक्षा एक ते दोन सेंटीमीटर जास्त असावी, रुंदी चवड्याच्या सर्वांत रुंद भागाला न आवळणारी असावी, आणि वाकलेल्या बोटांना वरून घासणार नाही एवढी उंची पुढे असावी. ‘वापरून सैल होईल’ हा दुकानदाराचा दिलासा बधिर पायांनी मानू नये. अंगठ्यापाशी पट्टा असलेली रबरी स्लीपर गोव्यात घरोघरी वापरली जाते, पण ती बेचकीत घासते, धरून ठेवण्यासाठी बोटे आवळावी लागतात, आणि बधिर पायातून निसटली तरी कळत नाही. तिच्याऐवजी मागे पट्टा असलेली, वेल्क्रोने सैल-घट्ट करता येणारी, आत मऊ एमसीआर आणि खाली कडक तळ असलेली सँडल घ्यावी. एमसीआर अंगठ्याने दाबले तर दबते आणि सोडताच वर येते. ते वर येईनासे झाले की बदलावे. नवी सँडल पहिल्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त घालू नये आणि काढल्यावर तळवे पाहावेत. पाय घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी सँडल उलटी करून झटकावी आणि आत हात फिरवावा. घरातही अनवाणी फिरू नये; एक वेगळी स्वच्छ जोडी घरासाठी ठेवावी, म्हणजे देवघराच्या उंबरठ्यापर्यंत ती घालण्याला वडीलधाऱ्यांची हरकत राहत नाही.

गोव्याच्या हवेत आणि चालीरीतींत

पावसाळ्याचे चार महिने सर्वांत कठीण असतात. चामड्याची चप्पल भिजते, बूट आतून वाळत नाहीत आणि बेचक्यांत चिखल्या होतात. त्या भेगांतून जंतू आत शिरतात. दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात आणि मोजे ओले झाले की बदलावेत. शेतात किंवा खाजनात (खाडीकाठच्या खारजमिनीत) उतरणाऱ्यांनी गमबूट घालावेत, परत आल्यावर पाय धुऊन कोरडे करावेत. कुळागरात सुपारीच्या झावळ्यांखाली काटे आणि तुटक्या काचा लपलेल्या असतात. नदीकाठी आणि किनाऱ्यावर कालवांच्या शिंपल्या पात्याइतक्या धारदार असतात, आणि एप्रिल-मे महिन्यांतील दुपारची वाळू बधिर तळव्याला कळण्याआधीच भाजते.

देवळांचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे अशा देवस्थानांच्या फरसबंद प्रांगणांत उन्हाळ्यात दुपारी दगड तापलेले असतात. दर्शनाला सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला जावे, जाड सुती मोजे घालावेत, आणि घरी परतल्यावर तळवे पाहावेत. अनवाणी पदयात्रेचा नवस असेल तर तो चालण्याऐवजी दुसऱ्या सेवेने फेडण्याविषयी कुटुंबाने बोलावे. शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून जातात. या व्रताबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगावेसे वाटते की ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांनी अग्नीतून जाऊ नये. भाजल्याचे त्यांना त्या क्षणी कळणार नाही. चवथीच्या दिवसांत स्वयंपाकघरात तासन्तास उभ्या राहणाऱ्या बायकांनी पायांत मऊ चप्पल ठेवावी आणि मधून मधून बसून घ्यावे.

जखम झालीच तर

फोड, चीर, पू, दुर्गंधी किंवा नवा काळा डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तोपर्यंत स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने धुऊन कोरडी निर्जंतुक पट्टी बांधावी आणि त्या पायावर चालणे बंद करावे. हळद, चुना, टूथपेस्ट किंवा पाल्याचा रस लावू नये. ताप, वर चढत जाणारी लाली किंवा थरथर असेल तर रात्रीची वेळ असली तरी इस्पितळ गाठावे. एक पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला दिसतो, जखम नसते आणि दुखतही फारसे नाही, तेव्हा लोक मुरगळला असे समजून तेल चोळतात. हे शार्को पाऊल असू शकते, ज्यात बधिर पावलातील हाडे आतल्या आत मोडत जातात, आणि चालत राहिल्यास पावलाचा आकार कायमचा बिघडतो.

तळव्याचा व्रण भरण्यासाठी मलमापेक्षा दाब हटवणे महत्त्वाचे असते. त्यासाठी जंतुसंसर्ग आणि रक्तपुरवठा पाहून डॉक्टर गुडघ्यापर्यंतचे प्लास्टर किंवा काढता न येणारा बूट देतात, जो भार संपूर्ण पोटरीवर आणि तळव्यावर पसरवतो. काढता येणारा बूट दिला असेल तर तो घरातही, बाथरूमला जाताना चार पावलांसाठीही घालावा लागतो. व्रण भरल्यानंतर सुमारे ४० टक्के रुग्णांत तो वर्षाच्या आत आणि सुमारे ६५ टक्क्यांत पाच वर्षांत परत येतो, म्हणून प्लास्टर निघण्याआधीच बेतून घेतलेली सँडल तयार ठेवावी, प्लास्टर काढल्या दिवसापासून तीच घालावी, आणि पुढच्या तपासणीची तारीख इस्पितळातून बाहेर पडण्यापूर्वीच घ्यावी.